मानद गवंडी

माझे साडू चुडामणराव यांच्या कमरेला मी पहिल्यांदा तो पांढरा ॲप्रन पाहिला, तेव्हा पंगतीत वाढायला माणसं कमी पडली असावीत असं समजून मी वरणाची बादली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तितक्याच शांतपणे माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "दादासाहेब, हा बंधुसभेचा पोशाख आहे. हा घालून वाढत नाहीत." शेजारची माणसं हसली. त्यात माझी बायको प्रमिलाही होती. बादली हातातच राहिल्यामुळे पुढची पंगत मीच वाढली.

धुळ्याला, देवपुरात, त्यांच्या पंपांच्या दुकानाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवायची होती. आपल्याकडे अशा वेळी गुरुजी येतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि माणसं घरी जातात. चुडामणरावांकडे गुरुजी गेल्यावर आणखी एक जथा आला. सगळ्यांच्या कमरेला ॲप्रन, त्यावर गवंड्याचा काटकोनी गुण्या आणि कंपास भरतकामाने काढलेले. ही म्हणे 'प्राचीन शिल्पी बंधुसभा, धुळे शाखा'. त्यांच्या प्रमुखाच्या हातात चांदीची थापी होती. गवंडी सिमेंट लावायला जी वापरतो तीच, पण चांदीची. त्याने तिच्या टोकावर आमटीच्या चमच्याइतकं सिमेंट घेतलं, दगडाला लावलं आणि फोटो नीट आला नाही म्हणून पुसून पुन्हा लावलं. नंतर यातला जो तो चुडामणरावांशी हात मिळवताना अंगठ्याने काहीतरी खूण करत होता. मीही रांगेत शिरून दोघातिघांशी हात मिळवला. मला कुणी खूण केली नाही.

जळगावला परतताना पारोळ्यापर्यंत प्रमिला काही बोलली नाही. पारोळा मागे पडल्यावर म्हणाली, "चुडामणरावांनी नाव काढलं." एरंडोलला बहिणीचा हवाला देऊन म्हणाली, "सुगंधा सांगत होती, नाशिकची मोठमोठी माणसं आहेत त्यांच्यात." जळगाव जवळ आल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही कशात आहात हो?" शाळेच्या पतपेढीत आहे, असं मी सांगितलं. त्यानंतर ती घर येईपर्यंत केळीच्या बागा बघत बसली.

मी मत्सरी माणूस नाही असं लिहिण्याचा माझा विचार होता, पण प्रमिला हे वाचणार आहे. तेव्हा सरळच सांगतो, मला चुडामणरावांचा हेवा वाटतो. भाऊ मोठा झाला तर आपलंच घर मोठं होतं. शेजारी मोठा झाला तर त्याला नावं ठेवून मोकळं होता येतं. साडूचं तसं नाही. तो आणि आपण एकाच घरचे जावई. एकाच तराजूत दोघांना घालून सासरचे लोक जन्मभर काटा बघत बसतात. माझं लग्न आधी झालं, म्हणून मी मोठा साडू. या एका गोष्टीत मी त्यांच्या पुढे होतो आणि तीही माझ्या सासऱ्यांनी ठरवलेली होती.

मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. दुखावलेला माणूस देवाकडे जातो, दुखावलेला इतिहासाचा शिक्षक वाचनालयात जातो. तिथे मला चुडामणरावांची नस सापडली. झालं होतं असं, की मध्ययुगात युरोपात मोठमोठी चर्च बांधणाऱ्या पाथरवटांचे आणि गवंड्यांचे संघ होते, आपल्याकडे जशा कारागिरांच्या श्रेणी होत्या तसे. कामाच्या जागेला लागून त्यांचं खोपट असायचं. तिथे जेवायचं, अवजारं ठेवायची, भांडणं मिटवायची. कुठून तरी नवा माणूस आला तर तो खरा शिकलेला आहे की थापाड्या, हे ओळखायला ठरलेले शब्द आणि खुणा असत. पुढे चर्चची बांधकामं कमी झाली, संघ ओस पडायला लागले, तेव्हा त्यांनी गावातल्या प्रतिष्ठित माणसांना मानद सदस्य करून घ्यायला सुरुवात केली. प्रतिष्ठित आले, त्यांना तिथली गुप्तता फार आवडली, ते आणखी प्रतिष्ठितांना घेऊन आले. गवंडी कधी निघून गेले ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मागे राहिली ती त्यांची अवजारं, आणि त्यांचाही नुसता अर्थ सांगायला. गुण्या म्हणजे सचोटी, ओळंबा म्हणजे सरळ वागणं, ॲप्रन म्हणजे जेवणापूर्वी घालायची वस्तू.

"म्हणजे चुडामणरावांचं हे सगळं नकली आहे," मी घरी येऊन प्रमिलाला सांगितलं. "त्यांच्यात एकही गवंडी नाही."

"आपल्याकडे आहे की," ती म्हणाली. "पण सकाळपासून आला नाहीये. फोन करा त्याला."

तिने हे सहज म्हटलं, पण माझ्या डोक्यात वीज चमकली. आमच्या गच्चीवर नासीर मिस्त्री आमच्या मुलीच्या, भूमिकाच्या अभ्यासासाठी एक खोली बांधत होता. अस्सल गवंडी, अस्सल थापी, आणि कामाला लागून एक पत्र्याचं खोपटसुद्धा, ज्यात सिमेंटच्या गोण्या होत्या. युरोपात जे उलटं झालं ते मी जळगावात सुलटं करणार होतो. खऱ्या गवंड्यांचा खरा संघ, आणि त्याचा संस्थापक मी. त्या खोलीतच सभा भरणार. भूमिकाने खाली जिन्याखाली अभ्यास करावा असं मी सुचवलं. ती स्पर्धा परीक्षा देते, त्यामुळे तिने फक्त माझ्याकडे बघितलं आणि नोंद घेतल्यासारखी मान हलवली.

नासीर मिस्त्रीविषयी सांगायला हवं. माणूस हाताने चांगला आणि तोंडाने त्याहून चांगला. बांधलेल्या प्रत्येक भिंतीचा फोटो तो मोबाइलच्या स्टेटसला टाकतो आणि संध्याकाळपर्यंत तो कोणी कोणी बघितला हे तपासत असतो. पहूरचा अतिक मिस्त्री हे त्याच्या आयुष्यातलं दुःख. पूर्वी दोघं जोडीने काम करायचे. पुढे अतिकला एका मंगल कार्यालयाच्या कमानीचं काम मिळालं आणि नासीरला त्याच कार्यालयाच्या संडासांचं. तेव्हापासून बोलणं बंद. मी संघाची कल्पना सांगितली तेव्हा नासीरने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"सर, आपल्या खोलीला कमान राहील ना?"

खोलीला कमान ठरलेली नव्हती. साधा दरवाजा होता. पण एका हेव्याला दुसरा हेवा चटकन ओळखतो. मी म्हटलं, "राहील." तो म्हणाला, "अतिकपेक्षा मोठी?" मी म्हटलं, "मोठी." कमानीला शोभेल म्हणून खोलीची उंची वाढली, उंचीला शोभेल म्हणून रुंदी वाढली, आणि शेजारच्यांचा उजेड जायला लागला.

शेजारी अभयकुमार. त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. तक्रार करायला आले, गच्चीवर चढले, मी संघाची कल्पना सांगितली आणि खाली उतरले ते सदस्य होऊनच. "सर, गवंडी बंधू, सिमेंट आपलं," ते म्हणाले, "यात मी नसलो तर कोण असणार?" त्यांनी कॉलनीतल्या निवृत्त उपअभियंत्यांना आणलं, त्यांनी आपल्या ब्रिज खेळणाऱ्या मंडळींना आणलं. नासीरने असोद्याच्या जीवराम मिस्त्रीला आणि आणखी दोघा गवंड्यांना आणलं. नोंदणीसाठी माणसं पुरली.

नोंदणीच्या कचेरीतले कारकून सज्जन होते. त्यांनी कागद वाचले, चष्मा वर केला आणि विचारलं, "संस्थेचा उद्देश लिहिलेला नाही."

"उद्देश गुप्त आहे," मी म्हटलं.

"गुप्त आहे असं लिहा मग."

"तसं लिहिलं तर गुप्त कसा राहील?"

त्यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. आतल्या साहेबांना विचारून आले. साहेबांचं म्हणणं असं पडलं, की गुप्त उद्देशाला हरकत नाही, पण तो कोणता ते उद्देशात लिहावं लागेल. शेवटी मी 'वृक्षारोपण' असं लिहिलं. कारकून म्हणाले, "सगळे हेच लिहितात." घटनाही मीच तयार केली. संघाच्या मालकीची कोणतीही वस्तू सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय जागची हलणार नाही, हे कलम तर मला फार आवडलं. ते मी शाळेच्या प्रयोगशाळेच्या नियमांतून घेतलं होतं.

पहिली सभा रविवारी अकराला, छप्पर नसलेल्या खोलीत भरली. भिंती माझ्या छातीपर्यंत आल्या होत्या आणि कमानीचा एकच पाय उभा होता. ॲप्रन प्रमिलाने शिवले, जुन्या सोलापुरी चादरींचे. ते गवंड्यांना दिले तेव्हा जीवराम मिस्त्री उलटसुलट करून बघत म्हणाला, "सर, हे कायले? आमी त डोक्याले गमछा बांधतो." उपअभियंत्यांनी त्याला ॲप्रनचा गूढार्थ सांगितला. जीवरामने तो ऐकून घेतला आणि ॲप्रन घडी करून बुडाखाली घेतला, कारण खुर्च्या कमी होत्या आणि गवंडी विटांवर बसले होते. मी हे पाहिलं, पण अध्यक्षीय भाषणात गुंतलो होतो.

भाषणात मी अवजारांचा अर्थ सांगितला. दाखवायला नासीरचाच गुण्या, ओळंबा आणि थापी टेबलावर मांडली होती. अभयकुमारांना इतकं भरून आलं, की त्यांनी दुकानातून एक काचेची पेटी मागवली, आत निळी मखमल घातली, अवजारं त्यात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. टाळ्या झाल्या. नासीरनेही वाजवल्या. त्याने फोटो काढला आणि स्टेटसला टाकला.

सोमवारी सकाळी तो कामावर आला आणि म्हणाला, "सर, ओळंबा द्या."

मी अभयकुमारांकडे गेलो. ते म्हणाले, "सर, तो आता ओळंबा राहिला नाही, प्रतीक झालंय. ठरावाशिवाय हलवता येत नाही. कलम तुमचंच आहे." नासीरला काम अडत असेल तर दुकानातून नवा घ्यावा, संघाच्या सदस्याला सवलत देऊ, असंही ते म्हणाले. मी तातडीची सभा बोलावली. तातडीची सभा संध्याकाळी भरली तेव्हा गवंडी आपापल्या कामांवरून यायचे होते, ते येईपर्यंत ठराव झालेसुद्धा. एक, प्रतीकं पेटीतच राहावीत. दोन, कामाच्या दिवशी गवंड्यांना सभेला येणं जमत नसल्यामुळे त्यांना मतदानाच्या जाचातून मुक्त करून मानद सदस्य करण्यात यावं.

आता इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आदल्या महिन्यात मी हेच वाचलं होतं. युरोपात ज्याला शतकं लागली ते आम्ही जळगावात चहा थंड व्हायच्या आत उरकलं होतं. पण त्याच वेळी उपअभियंत्यांनी उद्घाटनाला प्रमुख पाहुणे म्हणून धुळ्याचे चुडामणराव यांना बोलवावं असं सुचवलं, आणि चुडामणराव माझ्या कमानीखाली मान वर करून उभे आहेत असं चित्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. मी दोन्ही ठरावांवर सही केली आणि खाली जाऊन धुळ्याला फोन लावला.

नासीर जिन्यात भेटला. मी त्याला तो मानद झाल्याचं सांगितलं.

"मानद म्हणजे?"

"म्हणजे सन्मानाने."

"म्हणजे मी गवंडी नाय, पण इज्जत म्हणून मला गवंडी म्हणणार?" तो म्हणाला. "और ये अभयशेठ, ज्याने आजतक वीट उचलली नाय, तो असली गवंडी. ठीक आहे सर. मग भिंत असली लोकांकडूनच बांधून घ्या." त्याने घमेलं पालथं घातलं, गमछा झटकला आणि गेला. घमेलं पालथं घालण्याचा काही अर्थ असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

मला वाटलं, गवंडी काय, नाक्यावर गेलं की मिळतात. सकाळी नाक्यावर गेलो. एकाला घेऊन आलो. त्याने गच्ची बघितली, पालथं घमेलं बघितलं आणि विचारलं, "आधी कोण होतं?" मी नासीरचं नाव सांगितलं. तो पायऱ्या उतरायला लागला. दुसऱ्याला नाव सांगितलंच नाही. त्याने भिंतीचा फोटो काढून कुठेतरी पाठवला, उत्तर वाचलं आणि तोही उतरला. तिसऱ्याला मी नाक्यावरच गाठलं, तर तो माझ्याकडे बघून दुसऱ्याला म्हणाला, "हेच ते सर." तेव्हा कळलं, की गवंड्यांचा मोबाइलवर एक गट आहे, त्यात माझी अर्धी कमान फिरते आहे आणि खाली माझा ॲप्रन घातलेला फोटो आहे.

मी असोद्याला जीवरामच्या घरी गेलो. तो अंगणात बसला होता. मी त्याला दुप्पट मजुरीची लालूच दाखवली. तो म्हणाला, "सर, मले काम पाह्यजे. पन हे नोको. दुसऱ्याचं उभं काम त्यानं हो म्हटल्याबिगर कोनी धरत नाही. उद्या माह्यं काम कोनी धरलं त मी कोनाले सांगू?"

मी त्याला सांगितलं, की आपण एका संघाचे सदस्य आहोत. तो म्हणाला, "हो ना. म्हनूनच त च्या पाजला."

उद्घाटनाच्या रविवारी चुडामणराव यायला थोडेच दिवस राहिले होते. प्रमिला रोज गच्चीवर जायची आणि अर्ध्या भिंतीवर कपडे वाळत घालायची. शेवटी मला एक चाल सुचली आणि ती सुचल्याबद्दल मला स्वतःचं कौतुक वाटलं. नासीरचं ज्याच्याशी वाकडं, तोच अतिक मिस्त्री नासीरचं काम आनंदाने ओढून घेईल. हेव्यावर माझा विश्वास होता. मी मोटारसायकल काढली आणि पहूरला गेलो.

अतिक मिस्त्री बसस्टँडजवळ एका दुकानाचा ओटा करत होता. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "नासीरने अर्धी टाकलेली कमान आहे. तुम्ही पुरी करा. जळगावात नाव तुमचं होईल."

कमान म्हटल्यावर त्याचे डोळे लकाकले, हे मी शपथेवर सांगतो. त्याने हात धुतले, फोटो मागितला, मोठा करून बघितला. "पाय बराबर काढलाय सालेने," तो म्हणाला. बराच वेळ बघत राहिला. मग फोन परत देत म्हणाला, "सर, त्याचं माझं पटत नाय, ती गोष्ट अलग. काम त्याचं आहे."

"पण तुमचं तर बोलणंही बंद आहे."

"होतं," म्हणत त्याने माझ्यादेखत नासीरला फोन लावला. मग अतिक म्हणाला, "वो तेरे सर आयेले हैं इधर." मग तो हसला. पलीकडून नासीरही हसत असावा. त्यांची बऱ्याच वर्षांची अढी माझ्या डोळ्यांसमोर माझ्यावर हसून सुटली आणि मी पहूरच्या बसस्टँडवर हात जोडून उभा होतो. त्या दोघांचा मला त्या क्षणी चुडामणरावांपेक्षाही जास्त हेवा वाटला. माझ्यासाठी असा फोन करणारं कुणीही नव्हतं. ज्यांना मी बंधू म्हणत होतो, ते किल्ली देत नव्हते.

परत येऊन मी सरळ अभयकुमारांकडे गेलो आणि किल्ली मागितली. ते म्हणाले, "ठराव?" मी गच्चीवर गेलो, काचेची पेटी मखमलीसकट उचलली, मोटारसायकलवर पुढे ठेवली आणि हनुवटीने दाबून धरत मेहरूणला नासीरच्या घरी नेली. त्याची बायको जैनब दारात होती. तिने पेटीकडे बघितलं आणि आत हाक मारली, "सुनो, आपका म्यूझियम आया."

नासीरने पेटी ओट्यावर ठेवली. कुलूप न तोडता मागची पट्टी सरकवली आणि ओळंबा काढून दोरी बोटाला गुंडाळली. मी माफी मागायला तोंड उघडलं. तो म्हणाला, "माफी ठेवा सर. मला आधी सांगा, मी तुमच्या संघात आहे का नाय?"

"आहात," मी घाईने म्हटलं. "पूर्ण सदस्य. मतासकट."

"मग काढा. नाव काढलं तरच काम."

मी म्हटलं, काढलं. त्यावर तो म्हणाला, "आता तुमचं. काम बंद पाडलं, दिवस तुमच्यामुळे गेले. तर भरपाई तुमच्या हाताने. रविवारपर्यंत शाळा सुटल्यावर मालाचं घमेलं तुम्ही वाहायचं. जो नवा येतो तो घमेल्यापासून सुरू करतो, मीपण केलं." यात अपमान आहे की सन्मान, हे मला ठरवता येईना. मी हो म्हटलं.

पेटी पळवल्याची बातमी माझ्याआधी कॉलनीत पोचली होती. संघाची सभा अभयकुमारांच्या गोदामाच्या माडीवर भरली आणि संस्थापकाला संस्थेच्या मालमत्तेची चोरी केल्याबद्दल काढून टाकण्यात आलं. अध्यक्ष अभयकुमार. मखमल परत मागणारा निरोप आला. मी ती पाठवली. संघात आता एकही गवंडी नव्हता आणि मीही नव्हतो, त्यामुळे त्याची भरभराट झाली, असं ऐकतो.

रविवार उजाडला तो असा, की डोक्याला प्रमिलाचा जुना टॉवेल, अंगात बनियन, आणि मी जिन्यावरून घमेलं घेऊन चढतो आहे. वर नासीर, जीवराम, आणि कमान बघायला म्हणून खास पहूरहून आलेला अतिक. कमानीखालचा लाकडी आधार ठोकून झाला होता आणि दोन्ही बाजूंनी विटा मधल्या जागेकडे निघाल्या होत्या. "सर, माल," नासीर म्हणायचा, मी नेऊन द्यायचो. मान दुखत होती, पण चार दिवसांत मला तिथे एक जागा मिळाली होती. जीवराम मला तंबाखू विचारायला लागला होता. अतिकने एकदा "सर, बाजूला" असं न म्हणता नुसतं "बाजूला" म्हटलं, तेव्हा मला आतून बरं वाटलं. चुडामणरावांना उद्घाटन रद्द झाल्याचं कळवायचं मी मुद्दाम टाळत होतो आणि मग ते राहूनच गेलं.

ते आले. सुगंधा खाली प्रमिलाशी बोलत थांबली आणि चुडामणराव कोट घालून, हातात ॲप्रनची कापडी पिशवी घेऊन गच्चीवर आले. मला बघून दचकले. मी घमेलं डोक्यावर ठेवूनच नमस्कार केला आणि मालातलं अर्धं पाणी बनियनमध्ये गेलं. मला वाटलं, आता हसतील. ते हसले नाहीत. खोलीच्या दारापाशी, म्हणजे जिथे पुढे दार होणार होतं तिथे, ते बाहेरच्या बाजूला थांबले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"आत या ना," मी म्हटलं.

"नको दादासाहेब. सवय नाही."

"कसली?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. धुळ्याचा माणूस मनातलं बोलायला लागला की शहरी मराठी गळून पडते आणि अहिराणी उरते, तसंच त्यांचं झालं. "खरं सांगू का? त्या बंधुसभामा मना नंबर दारवर शे. द्वाररक्षक. आत बठ्ठा बसतस, जेवतस, मी बाहेर तलवार लिसन उभा ऱ्हास. इतला वरीस व्हयनात, आत काय चालस ते माले आजून माहीत नही. सुगंधाले सांगू नका."

सगळे आत बसून जेवतात आणि हे इतकी वर्षं बाहेर तलवार घेऊन उभे, याचं मला वाईट वाटायला हवं होतं. मी प्रयत्नही केला. पण खरं सांगायचं तर माझ्या मानेतली कळ एका झटक्यात गेली. देवपुरातली ती चांदीची थापी, ते हात मिळवणं, प्रमिलाचं पारोळ्यानंतरचं बोलणं, सगळ्याची परतफेड झाली. मी आत होतो. माझे चुडामणराव दारात होते. मी घमेलं जरा तोऱ्यातच खाली ठेवलं आणि नासीरला म्हटलं, "मिस्त्री, हे माझे साडू. यांनाही घ्या. पण नवीन आहेत, सुरुवातीला रेती चाळू द्या."

नासीरने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "हात रिकामे आहेत ना? कोट काढा शेठ."

चुडामणरावांनी कोट काढून कमानीच्या खुंटाला अडकवला, पिशवीतला ॲप्रन काढला आणि बांधला. इतक्या वर्षांत त्यावर पहिल्यांदा सिमेंट पडणार होतं. ते रेती चाळायला बसले. दहा हात मारले नसतील, तेवढ्यात नासीर खाली वाकला, रेती मुठीत घेऊन बघितली आणि अतिकला दाखवली. अतिकने मान हलवली.

"आधी कुठे काम केलंय का?" नासीरने विचारलं.

"पंप बसवायचो ना सुरुवातीला," चुडामणराव म्हणाले. "शेतात जाऊन खालचा ओटा मीच बांधायचो. गवंड्याला द्यायला पैसे कुठे होते तेव्हा?"

हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. सासऱ्यांनीही नाही. नासीर सरळ झाला, आपली थापी पाण्यात बुडवून झटकली आणि मुठीकडून चुडामणरावांपुढे धरली. "या. डाव्या बाजूने तुम्ही धरा."

मी म्हटलं, "मिस्त्री, ते आजच आलेत."

"हात आजचा नाय," अतिक म्हणाला.

चुडामणराव कमानीशी उभे राहिले. पहिली वीट त्यांनी लावली, थापीच्या दांड्याने ठोकली, जीवरामने ओळंबा सोडून ती सरळ असल्याचं पाहिलं आणि दोरी गुंडाळली. चौघं एकमेकांना जागा देत कामाला लागले. कुणी कुणाशी हात मिळवला नाही. तेवढ्यात प्रमिला आणि सुगंधा वर आल्या. प्रमिला चुडामणरावांचा हात बघत उभी राहिली, पदर तोंडाला लावून, पारोळ्याच्या आधी गाडीत बसली होती तशी अगदी गप्प. मी घसा खाकरला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

चुडामणरावांनी विटेवरचा उरलेला माल कडेने निपटून घेतला, पुढच्या विटेसाठी जागा केली आणि मागे न बघता रिकामा हात माझ्या बाजूला लांब केला.

"दादासाहेब," ते म्हणाले, "माल."

मी घमेलं उचललं आणि नेऊन दिलं.